घर सगळ्यांचे

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. लग्न चार दिवसांत उरकते. घराचे काम मात्र महिनोन् महिने चालते. त्याला पैसा लागतो. अंगमेहनत लागते. हे तुम्हां-आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. पण आणखी एक वस्तू लागते. घरातल्या माणसांनी एकमेकांचे ऐकून घ्यावे लागते. ही वस्तू बाजारात मिळत नाही. ती घरातच तयार करावी लागते. ती कशी करायची, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आम्ही म्हणजे कोण? हे बोलणे एकट्याचे नाही, बरं का! घरातल्या सगळ्यांनी बसून ते सांगितले आणि थोरल्या सुनेने वहीत उतरून घेतले. वाचणारा एक आहे, पण बोलणारे आम्ही सगळे आहोत. घरात आजी आहे. तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडे आहेत. अशी आठ माणसे. आजीची एक लेक आहे. ती सासरी नांदते.

आमचे गाव नगर जिल्ह्यातले, प्रवरा नदीच्या पट्ट्यातले. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण तोंडात अजून नगरच येते. आम्ही ख्रिस्ती माणसे. आमच्या भागात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले. पुढे ते खेड्यापाड्यांत पोचले. आम्ही रविवारी देवळात जातो. रोज रात्री जेवणाआधी एकत्र बसून प्रार्थना करतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने म्हणतो. बाकी आमची भाकर तुमच्यासारखीच आणि आमच्या अडचणीही तुमच्यासारख्याच.

आमचे जुने घर मातीच्या भिंतींचे होते. खालची जमीन काळी. काळ्या जमिनीचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. पावसात ती फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जमीन हलली की वरचे घरही हलते. आमच्या घराच्या भिंतींना कोपऱ्या-कोपऱ्यांतून तडे गेले होते. दर पावसाळ्यात आम्ही ते लिंपायचो. दर उन्हाळ्यात ते पुन्हा उघडायचे. शेवटी २०२३ च्या नाताळात सगळे जमलो होतो, तेव्हा ठरले. आता लिंपणे पुरे. नवे घर बांधायचे.

पैसा कोठून येणार? थोरला भाऊ पुण्याजवळ कारखान्यात काम करतो. तो दर महिन्याला पैसे पाठवणार होता. धाकटा भाऊ गावातच असतो. त्याने गवंड्याच्या हाताखाली बरीच वर्षे काम केले आहे. तो कष्ट घालणार होता. ऐकायला हे सोपे वाटते, नाही का? पण कुदळ हातात घेण्याआधीच पहिला प्रश्न उभा राहिला. जागा कोणाची?

जागा आजोबांच्या नावावर होती. आजोबा मृत्युपत्र न करता वारले. भाऊ म्हणाले, "जागा आम्हां दोघांची. अर्धी-अर्धी." आजी म्हणाली, "आधी माहीत असलेल्याला विचारा." म्हणून आम्ही तालुक्याला जाऊन वकिलाला विचारले. त्याने सांगितले, ते तुम्हीही ऐकून ठेवा.

ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. तो १९२५ सालचा आहे. नवरा मृत्युपत्र न करता वारला आणि मागे बायको-मुले असली, तर मालमत्तेचा तिसरा हिस्सा बायकोला मिळतो. उरलेले दोन हिस्से सगळ्या मुलांना सारखे वाटून मिळतात. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. आता आमचा हिशेब करून पाहा. जागेचे नऊ भाग करा. त्यांतले तीन भाग आजीचे. राहिले सहा. मुले तीन, दोन भाऊ आणि एक बहीण. प्रत्येकाला दोन भाग. म्हणजे सासरी गेलेल्या बहिणीचेही दोन भाग आणि गावात राहणाऱ्या भावाचेही दोनच भाग.

हिंदू कुटुंबांना वेगळा कायदा आहे. तो १९५६ सालचा आहे आणि २००५ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यातही लेकीला वाटा आहे. तेव्हा घर कोणाचेही असो, लेकीला विचारल्याशिवाय जागेला हात लावू नये.

आम्ही बहिणीला बोलावून घेतले. ती आली. जावईही आले. पुष्कळ घरांत अशा वेळी एक कागद पुढे करतात आणि लेकीला म्हणतात, "इथे सही कर आणि हक्क सोड." लेकही भावाचे मन राखायला सही करते. आमच्याकडे आजीने तसा कागद घरात येऊ दिला नाही. ती म्हणाली, "तिला काय वाटतं ते ती सांगेल. आपण आधी बोलायचं नाही."

बहीण थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला आता पैसे नकोत. तुम्ही घर बांधा. पण माझं नाव कागदावर राहू द्या. उद्या कोणावर कशी वेळ येईल ते सांगता येत नाही. माझ्या माहेराला माझं दार असावं."

भावांना हे जड गेले. पण तिचे म्हणणे रास्त होते. नाव राहिले. दुसऱ्या दिवशी जाताना तीच बहीण म्हणाली, "स्लॅब टाकाल तेव्हा मला निरोप धाडा. आम्ही दोघं हाताखाली येऊ." नाव राहिले म्हणून माणूस दूर गेले नाही. उलट जवळ आले.

मग घराचा आराखडा करायचा होता. कागदावरच्या रेघा आमच्यातल्या सगळ्यांना कळत नव्हत्या. म्हणून धाकट्या भावाने मोकळ्या जागेवर फक्की टाकून खोल्या आखल्या. पुढची बैठकीची खोली, मागे झोपायची खोली, तिच्या शेजारी स्वयंपाकघर. आम्ही सगळे त्या पांढऱ्या रेघांच्या आत जाऊन बसलो. आजी म्हणाली, "आता एकेकाने बोला. आणि धाकट्यापासून सुरुवात करा. मोठी माणसं आधी बोलली की लहान माणसं मान डोलावतात."

ही युक्ती फार उपयोगी पडली. धाकट्या नातवाला अभ्यासाला उजेड हवा होता. मोठ्या नातीला दाराला आतून कडी असलेली न्हाणी हवी होती. आजीचे गुडघे दुखतात. तिला संडास मागच्या दाराला लागून हवा होता, कारण रात्री लांब जाववत नाही. सुना म्हणाल्या, स्वयंपाकघराची खिडकी मोठी पाहिजे. धूर बाहेर गेला पाहिजे. या गोष्टी रेघा आखायच्या वेळीच सांगितल्या, म्हणून फुकटात झाल्या. भिंत उभी राहिल्यावर खिडकी पाडायची म्हणजे दुप्पट खर्च.

खोलीचा कोपरा काटकोनात आहे की नाही, हे पाहायची रीत नातवंडे शाळेत शिकली होती. तीच रीत गवंडीही वापरतात. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फुटांवर खूण करा. दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण करा. या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले, की कोपरा काटकोनात आहे. दोरी धरायला मोठी नात, मोजायला धाकटा भाऊ आणि आकडा वाचायला थोरली सून. एक कोपरा तपासायला तीन माणसे लागली आणि तिघांनाही ते काम आपले वाटले.

थोरली सून आधी अक्षर ओळखत नव्हती. गावातल्या साक्षरता वर्गात ती लिहाय-वाचायला शिकली. घराच्या खर्चाची वही तिनेच धरली. पहिल्या पानावर पैसा. कोणी किती दिला, कशाला गेला. दुसऱ्या पानावर रोज. कोण किती दिवस कामावर होते.

२०२४ च्या जानेवारीत खोदाई सुरू झाली. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत आम्ही खाली गेलो. पाच फुटांवर घट्ट मुरूम लागला. तेथून पाया भरला. पाया भरताना पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. प्रभू येशूने दोन घरांचा दाखला सांगितला आहे. एक घर खडकावर होते आणि एक वाळूवर. पूर आला तेव्हा कोणते टिकले, ते लहान पोरही सांगेल. पाळकसाहेब हसून म्हणाले, "आपल्याकडे खडक नसला तरी मुरूम आहे."

काम जोत्यापर्यंत आले. आणि तेथे ते थांबले.

भांडण छपरावरून झाले. थोरल्या भावाला तिन्ही खोल्यांवर स्लॅब हवा होता. पैसे कमी पडत होते. तो म्हणाला, कर्ज काढू. धाकटा म्हणाला, कर्ज नको. तिन्ही खोल्यांवर पत्रा टाकू. बोलण्याला बोलणे वाढले. थोरला म्हणाला, "पैसा माझा आहे. ठरवायचं मी." धाकटा म्हणाला, "आणि घाम कोणाचा आहे?" थोरला रविवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला निघून गेला. धाकट्याने थापी कोपऱ्यात टाकली. आठ दिवस विटांचा ढीग तसाच पडून राहिला. गावात बोलणे सुरू झाले की यांच्या चुली वेगळ्या होणार. खरे सांगायचे तर आमच्याही मनात ती भीती होती. बांधायला निघालो होतो एक घर आणि होणार होती दोन.

पुढच्या रविवारी थोरला आला. रात्रीची प्रार्थना झाली. आजी कोणाला रागावली नाही. ती थोरल्या सुनेला म्हणाली, "वही वाच."

सुनेने पहिले पान वाचले. थोरल्या भावाने तोवर ९२,००० रुपये दिले होते. थोरल्याने मान वर केली. सुनेने दुसरे पान वाचले. धाकटा भाऊ ४१ दिवस कामावर होता. धाकट्याने मान वर केली. मग तिने तिसरे पान उलटले. हे पान तिने त्याच आठवड्यात लिहिले होते. त्यावर मथळा होता, पाणी.

आमच्याकडे पाणी वस्तीच्या हापशावरून आणावे लागते. कामाला पाणी किती लागते, ते ज्याने बांधले त्यालाच कळते. विटा भिजवायला पाणी. माल कालवायला पाणी. आणि बांधकाम झाले की पुढे निदान सात दिवस त्यावर मारायला पाणी. सिमेंटला पाणी मिळाले नाही, तर ते मजबूत होत नाही. हे सगळे पाणी दोघी सुनांनी डोक्यावरून वाहिले होते. रोज तीन-तीन तास, ४१ दिवस.

सुनेने हिशेब मोठ्याने वाचला. "दोन बायका, तीन तास, एकेचाळीस दिवस. झाले २४६ तास. आठ तासांचा एक रोज धरला तर जवळजवळ ३१ रोज. यात गवंड्यांचा चहा आणि भाकरी धरलेल्या नाहीत."

घरात कोणी बोलेना. मग धाकटा भाऊच म्हणाला, "हे पाणी नसतं तर माझी थापी एक दिवसही चालली नसती." थोरला म्हणाला, "आणि माझ्या पैशाचं सिमेंट पोत्यातच राहिलं असतं."

मंडळी, त्या पानाने कोणाला कमी केले नाही. ९२,००० रुपये तेवढेच राहिले. ४१ दिवसही तेवढेच राहिले. पण भांडण दोघांचे होते. वहीत माणसे चार निघाली. मग छप्पर कसे असावे, हे दोघांनीच कसे ठरवायचे?

आजीने पुन्हा धाकट्यापासून विचारायला सुरुवात केली. धाकटी सून घरात फारशी बोलत नसे. त्या दिवशी ती बोलली. ती म्हणाली, "पैसे आहेत तेवढ्यात दोन खोल्यांचा स्लॅब होतो. स्वयंपाकघरावर आणि झोपायच्या खोलीवर स्लॅब टाका. पुढच्या खोलीवर पत्रा टाका. पुढे आपण दिवसातून तासभर बसतो. चुलीपाशी आम्ही दिवसभर असतो. उन्हाळ्यात वर पत्रा आणि खाली जाळ म्हणजे भाजून निघायचं काम."

थोरला म्हणाला, "पण पुढून पत्रा दिसेल. लोक काय म्हणतील?"

आजी म्हणाली, "लोक दुपारी आपल्या चुलीपाशी येऊन बसणार आहेत का?"

सगळे हसले. थोरलाही हसला. कर्ज काढायचे नाही, दोन खोल्यांवर स्लॅब आणि पुढे पत्रा, असे ठरले. सोमवारी सकाळी धाकट्याने थापी उचलली. थोरल्याने दोन दिवसांची रजा वाढवून घेतली आणि हापशावरून पाणी आणले. संध्याकाळी तो म्हणाला, "मानेला रग लागली." सुना काही बोलल्या नाहीत. पण थोरल्या सुनेने वहीत त्याच्या नावापुढे दोन रोज लिहिले, तिसऱ्या पानावर.

ही हकिगत पाळकसाहेबांच्या कानावर गेली. पुढच्या रविवारी त्यांनी पवित्र शास्त्रातून नहेम्याची गोष्ट सांगितली. यरुशलेम शहराचा तट पडला होता. नहेम्याने तो पुन्हा बांधायला घेतला. एवढे मोठे काम, पण त्याने ते वाटून दिले. कितीतरी माणसांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. त्यांत सोनार होते, व्यापारी होते, याजकही होते. तट बावन्न दिवसांत पुरा झाला. त्या पुस्तकात काम करणाऱ्यांची लांबलचक यादी आहे. त्या यादीत शल्लूम नावाचा एक माणूस आहे. त्याने आपल्या मुलींना बरोबर घेऊन तट बांधला, असे तेथे लिहिलेले आहे. पाळकसाहेब म्हणाले, "पाहा, मुलींनी केलेलं काम त्या वेळीही कोणीतरी लिहून ठेवलं. म्हणून ते आज आपल्याला कळतं."

मग भिंती भराभर चढल्या. ओळंबा लावून प्रत्येक थर पाहायचे काम मोठ्या नातीकडे होते. विटा भिजवायचे काम नातवांकडे. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि जोड कच्चा राहतो, म्हणून वीट आधी भिजवावी लागते. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवावा लागतो. म्हणून थोडा-थोडाच कालवायचा. ही लक्ष ठेवायची कामे आहेत. ती घरचे माणूस जेवढ्या आपुलकीने करते, तेवढ्या आपुलकीने दुसरे कोणी करत नाही.

मे महिन्यात, मृगाच्या आधी, स्लॅबचा दिवस ठरला. स्लॅब एकदा टाकायला घेतला की मध्ये थांबून चालत नाही. त्या दिवशी बहीण आणि जावई आले. देवळातली माणसे आली. शेजारच्या आळीतली मराठ्यांची पोरे आली. मुसलमान शेजाऱ्याने आपले पाण्याचे पिंप आणून दिले. घमेल्यांची रांग लागली. दिवस मावळायच्या आत स्लॅब झाला. पुढे चौदा दिवस त्यावर मालाचे बांध घालून, वाफे करून पाणी साठवले. सकाळ-संध्याकाळ ते पाहायला शिडीवर चढायचे मान नातवंडांचा. आणि पाणी भरायची पाळी आता सगळ्यांची होती. पाळीचा कागद दाराला लावला होता. त्यात दोन्ही भावांची नावे होती.

घर झाल्यावर आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. घराची नोंद नमुना ८ मध्ये होते. त्यात आजीचे नाव, दोघा भावांची नावे आणि बहिणीचे नाव आहेच. भावांच्या नावांबरोबर दोघी सुनांची नावेही लावून घेतली. नवऱ्याबरोबर बायकोचे नाव असे लावता येते. उतारा हातात आला तेव्हा थोरल्या सुनेने तो तेथेच उभ्याने वाचला. धाकटी म्हणाली, "माझं नाव कुठं आहे ते दाखव." ती अजून साक्षरता वर्गात जात नव्हती. नाव दाखवल्यावर तिने त्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ती वर्गाला जाऊ लागली.

आता आमच्या घरात भांडणे होत नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. आठ माणसे आहेत, आठ तोंडे आहेत. पण काही चाली पडल्या आहेत, त्या मोडत नाहीत. त्या तुमच्याही उपयोगी पडतील.

पहिली चाल. घराच्या जागेत ज्याचा-ज्याचा वाटा आहे, त्याला आधी विचारावे. लेकीला विसरू नये.

दुसरी चाल. मोठा निर्णय घेताना धाकट्याने आधी बोलावे.

तिसरी चाल. वही ठेवावी. तीत पैसा लिहावा, रोज लिहावेत आणि पाणी, सैपाक, झाडलोट हेही लिहावे. तोंडी हिशेबात जे राहून जाते, ते वहीत दिसते.

चौथी चाल. वही एकाने लिहावी, पण सगळ्यांसमोर वाचावी.

तुमच्यापैकी कितीतरी जण आता लिहाय-वाचायला शिकला आहात. अक्षर आले, आता त्याचे काय करायचे, असे कोणी विचारते. आम्ही म्हणतो, आधी घरची वही लिहा. घर बांधायचे असो, विहीर खणायची असो, की लेकराचे लग्न असो. आज रात्रीच एक कोरे पान घ्या. घरात कोण-कोण काय-काय काम करते, ते लिहून काढा. लिहिताना कोणाचे नाव राहिले नाही ना, ते दोनदा पाहा. मग ते पान मोठ्याने वाचा.

प्रवरेकडे आलात तर घरी या. पुढच्या खोलीत पत्र्याखाली थोडे गरम होईल. तुम्हाला आम्ही स्वयंपाकघरातच बसवू.